केबल शार्क तोडत नाही, जहाजाचा नांगर तोडतो

सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात सी-मी-वी 4 आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या इंटरनेट केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येतात, त्यामुळे आपल्याकडेही नेट मंदावलं. अशा बातमीमागोमाग व्हॉट्सॲपवर ठरलेला मेसेज येतो: शार्क केबल कुरतडतात, पाणबुडे उतरवून दोन तासांत जोडता येईल, पण कंपन्या टाळाटाळ करतात, आणि उपग्रह असताना केबल हवी कशाला?

शार्कचं आधी उरकू. 1980 च्या दशकात कॅनरी बेटांजवळच्या केबलमध्ये शार्कचे दात सापडले. तेवढ्या भांडवलावर ही गोष्ट अजून चालते. आंतरराष्ट्रीय केबल संरक्षण समितीच्या नोंदींत 2006 नंतर शार्कच्या खात्यावर एकही बिघाड नाही. जगात वर्षाला 150 ते 200 बिघाड होतात, त्यातले 70-80 टक्के मासेमारी आणि नांगरांमुळे. म्हणूनच उथळ पाण्यात केबलला पोलादी तारांचं चिलखत असतं आणि तिला मीटरभर गाडतात. खोल समुद्रात मात्र ती अंगठ्याएवढी जाड, नुसती तळावर पडलेली.

पाणबुडे किनाऱ्यालगतच कामाचे. त्यापुढे जहाजच लागतं. आधी किनाऱ्यावरून केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडून तो तुटलेल्या जागेवरून किती वेळात परत येतो ते मोजतात. एक मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग) म्हणजे साधारण 100 मीटर. मग गळ तळावरून ओढत केबल पकडायची. पण दोन हजार मीटर वर उचलण्याइतकी ढील तिच्यात नसते, म्हणून ती आधी तळावरच कापावी लागते! एक टोक वर घेऊन तपासायचं, सीलबंद करून तरंगत्या बोयाला बांधून ठेवायचं, दुसरं टोक शोधायचं, मध्ये नवा तुकडा घालायचा. म्हणजे सांधे दोन. प्रकाश वाहणारा प्रत्येक काचेचा तंतू वितळवून जोडायचा, वर पॉलिथिन ओतायचं, एक्स-रे काढायचा. एका सांध्याला बहुधा दिवस जातो. घाई केली आणि पाणी शिरलं, तर रिपीटरना (वाटेत प्रकाशाचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रांना) वीज पुरवणारा तांब्याचा वाहक समुद्राशी शॉर्ट होतो आणि पुन्हा सगळं वर काढावं लागतं.

तरीही आठवडे जातात ते मुख्यतः जहाज मोकळं होण्यात, दुरुस्तीसाठीची जादा केबल चढवण्यात आणि परवान्यांत. फेब्रुवारी 2024 मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यात निकामी झालेलं 'रुबीमार' हे जहाज नांगर फरफटत वाहत गेलं आणि, बहुधा त्यानेच, तीन केबल तुटल्या. येमेनमधल्या युद्धामुळे आणि तिथल्या परवान्यांच्या घोळामुळे दुरुस्ती कित्येक महिने रखडली. याला टाळाटाळ म्हणायचं तर म्हणा.

राहिले उपग्रह. भूस्थिर उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर वर. विचारून उत्तर यायला अर्धा सेकंद. खालच्या कक्षेतले जवळ आहेत, पण नव्या केबलमधली फायबरची एकच जोडी सेकंदाला दहा टेराबिटहून जास्त नेते, आणि अशा जोड्या डझनाच्या पुढे असतात. शिवाय त्या उपग्रहांचा डेटाही जमिनीवर उतरून बहुतेकदा केबलमध्येच जातो. जानेवारी 2022 मध्ये ज्वालामुखीच्या स्फोटाने टोंगाची बाहेर जाणारी एकुलती केबल तुटली, तेव्हा पाच आठवडे उपग्रहांनी तगवलं, तेही मोजक्या बँडविड्थवर.