टाळ्या कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, अक्षरं मोजली की शब्दाचे तुकडे मोजून झाले; मग बालवाडीत शब्दाच्या तुकड्यागणिक टाळ्या वाजवत बसण्यापेक्षा मुळाक्षरं गिरवून घ्या, हे इंग्रजी शाळांचं फॅड आहे, असं तुम्ही लिहिलंत. इतकी वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाचं मत मी हलक्यात घेत नाही. पण हे मला पटत नाही.

'घर' या शब्दात अक्षरं दोन, ठोका, म्हणजे एका टाळीत बसणारा उच्चाराचा तुकडा, मात्र एक. 'कमळ'मध्ये अक्षरं तीन, ठोके दोन: क-मळ. शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बोलताना बहुतेक वेळा गाळतो, मधलाही पुष्कळदा. मध्य रेल्वेची स्टेशनंच घ्या ना. प-रळ. घाट-को-पर. चिंच-पोक-ळी: अक्षरं पाच, ठोके तीन. अभंगात अक्षरं मोजतात, ते वेगळं; तिथे म्हणतानाही प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारतात.

याचा फटका वाचताना बसतो. माझ्या वर्गातला एक मुलगा पाटीवरचं 'बदक' बोट ठेवून वाचत होता: ब… द… क. तिन्ही अक्षरं बिनचूक, आणि चेहरा कोरा. त्याने ऐकलेलं, चित्रात पाहिलेलं बदक त्या तीन सुट्या आवाजांत त्याला सापडेना. मी म्हटलं, दोन टाळ्यांत म्हण बघू. "ब-दक… बदक!" अक्षरं त्याला येतच होती, ती एका ठोक्यात कशी बसतात, हे कानाला कळायचं होतं.

मानसशास्त्रज्ञ इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 1974 साली अमेरिकेत लहान मुलांना शब्दातले तुकडे टेबलावर ठोकून दाखवायला सांगितले. 4 वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना ते जमलं. सुटे ध्वनी ('घर'मधले घ्, अ, र् असे) मोजणं त्या वयात एकालाही जमलं नाही. म्हणून सुरुवात ठोक्यापासून. आणि यात परकं काय आहे? राज्य कुणावर, हे ठरवताना आपली पोरं बोटागणिक एकेक तुकडा म्हणतच असतात.

एक पथ्य मात्र बाईंनी पाळायलाच हवं: शब्द रोजच्यासारखा बोलावा. 'क-म-ळ' असं फोडून सांगितलं, की मूल आपल्याच टाळ्या मोजतं, शब्द ऐकत नाही. टाळीत गोंधळ झाला तर हनुवटीखाली हात धरायला लावा. प्रत्येक ठोक्याला स्वर येतो, तोंड उघडतं, हनुवटी हाताला लागते. 'चटणी' म्हणून बघा: चट-णी, दोनदा.

नुसत्या टाळ्यांनी वाचन येत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. ठोके जमले की शब्दाच्या पहिल्या आवाजाकडे वळावं, आणि अक्षरओळख सोबत चालूच ठेवावी.

घरी हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलांचं काय, हेही तुम्ही विचारलंत. मुंबईत हा प्रश्न वर्गावर्गात आहे. त्यांच्याकडून त्यांच्याच घरचे शब्द मागून घ्या, रोटी, पानी, काहीही. ठोका सगळ्याच भाषांत असतो. ओळखीच्या शब्दावर कान बसला, की तीच मुलं मराठी शब्दांचेही तुकडे पाडू लागतात.