‘एअर’ची पट्टी आणि लय : एका आक्षेपाला उत्तर

आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार.

जर्मन संगीतकार बाखच्या ‘एअर’ या रचनेवरील माझ्या लेखात मी या रचनेची पट्टी डी मेजर, कॅमेलॉट चक्रावरील (डीजे पट्ट्या जुळवायला वापरतात त्या बारा आकड्यांच्या चक्रावरील; बी म्हणजे मेजर, ए म्हणजे मायनर) तिचे घर १० बी आणि लय मिनिटाला सुमारे ३० मात्रा अशी दिली होती. आपल्या मोबाइलवरील ॲपने याच रचनेसाठी ३ बी आणि १२० असे आकडे दाखवले, म्हणून माझे दोन्ही आकडे चुकीचे ठरतात, असे आपण लिहिले आहे. असे मोजमाप केल्याने व्हायोलिनचा भाव मरतो, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन समोर असताना हा खटाटोप कशासाठी, असेही आपण विचारले आहे. आपण स्वतः ऑर्गनवादक आहात, त्यामुळे शक्य तेथे काळी-पांढरीच्या हिशेबातच उत्तर देतो.

बाखने ही रचना तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सुटमध्ये (वाद्यवृंदासाठीच्या रचनामालेत) डी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये लिहिली. माझा आकडा या मूळ लिखाणाचा आहे. आजचे वाद्यवृंद ए हा स्वर साधारण ४४० हर्ट्झला लावतात. जुन्या पद्धतीची वाद्ये वापरणारे बरेच वृंद मात्र तो ४१५ हर्ट्झला लावतात, आणि हा फरक जवळजवळ नेमका एका अर्ध्या स्वराचा असतो. अशा वृंदाने कागदावरचे डी मेजरच वाजवले, तरी कानाला आणि ॲपलाही ते काळी एकमध्ये, म्हणजे ३ बीमध्ये ऐकू येते. आपल्याकडील ध्वनिमुद्रण बहुधा याच जातीचे असावे. याच सुरावटीचे तिसरे रूपही प्रचलित आहे : जर्मन व्हायोलिनवादक ऑगुस्ट विल्हेल्मी यांनी एकोणिसाव्या शतकात ती सी मेजरमध्ये उतरवली, जेणेकरून सगळी धून व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या, जी तारेवर वाजवता यावी. ते रूप पांढरी एकचे, म्हणजे ८ बीचे. घराचा आकडा रचनेच्या नावाला चिकटवून भागत नाही. हातात असलेल्या ध्वनिमुद्रणाला तो प्रत्येक वेळी नव्याने लावावा लागतो.

चक्रावर १० बी आणि ३ बी यांत पाच घरांचे अंतर दिसते, म्हणून आपल्याला ही तफावत भयंकर वाटली असावी. पण ते चक्र पंचमाच्या नात्याने रचलेले आहे. सा आणि प शेजारच्या घरांत राहतात आणि पेटीवर लागून असलेल्या पट्ट्या दूर फेकल्या जातात.

लयीचा हिशेब तर घड्याळ घेऊन कोणालाही करता येतो. ‘एअर’मध्ये १८ मापे (बार) आहेत, पहिल्या भागात ६ आणि दुसऱ्यात १२. दोन्ही भागांची पुनरावृत्ती केली की ३६ मापे, आणि प्रत्येक मापात ४ मात्रा, अशा एकूण १४४ मात्रा होतात. ध्वनिमुद्रण ४ मिनिटे ४८ सेकंदांचे असेल, तर मिनिटाला ३० मात्रा पडतात. दुसऱ्या भागाची पुनरावृत्ती गाळलेली असेल, तर ९६ मात्रा उरतात आणि त्याच लयीला ३ मिनिटे १२ सेकंद लागतात. खालचा बास प्रत्येक मात्रेत दोन पावले टाकतो, म्हणून ॲपला ६० दिसू शकतात. ॲप आणखी एकदा दुप्पट करते, तेव्हा १२० होतात. विलंबित ख्यालातल्या मात्रेचे पोटभाग मोजून कोणी त्याला द्रुत म्हटले, तर आपले तबलजी काय म्हणतील, ते आपणच सांगा. शिवाय येथे वादक वाक्याच्या टोकाला थोडे रेंगाळतात, त्यामुळे नृत्यसंगीतासारखे ठोक्याला ठोका जुळवणे या रचनेत निरर्थक आहे.

भावाबद्दल एवढेच म्हणेन की प्रेक्षकाला हे आकडे दिसत नाहीत. पट्ट्या जुळल्या नाहीत, तर त्याला फक्त सूर आदळलेला ऐकू येतो.

मात्र आपल्या शेवटच्या प्रश्नात वजन आहे. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, प्रयोगांत करुण प्रसंगाला मागे व्हायोलिन ठेवायचे आणि लगेच ऑर्गन-तबल्यावर पद सुरू करायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते, आणि डीजेंसाठी बेतलेला चक्राचा नियम तेथे अर्धाच उपयोगी पडतो. १० बीवरून १० एवर, म्हणजे बी मायनरवर जाणे चक्राला अगदी सोपे वाटते, कारण दोन्हींचे सातही स्वर तेच आहेत; पण षड्ज पांढरी दोनवरून पांढरी सातवर सरकतो आणि मूर्च्छना बदलून, म्हणजे तेच स्वर नव्या सापासून मोजल्याने, बिलावल थाटाचा आसावरी होतो. पद ऐकणाऱ्याचे कान षड्जाला बांधलेले असतात, त्यामुळे त्याला हा बदल खटकतो. उलट त्याच षड्जावर डी मायनर घेतले, तर चक्र ते ७ एमध्ये, तीन घरे दूर दाखवते, पण मंडपात ते सहज खपते. नाटकापुरता माझा कौल म्हणूनच चक्रापेक्षा षड्जाला आहे.

गायकाचा सा काळी एक असेल, तर आपले ३ बीचे ध्वनिमुद्रणच उत्तम, त्याला हात लावू नये. सा पांढरी दोन असेल, तर प्लेअरमधील की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद करून वेग सुमारे ६ टक्के वाढवावा; सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि ३० मात्रांच्या जागी ३२च्या आसपास मात्रा पडतात, जे कोणाच्या लक्षातही येत नाही. की-लॉक चालू ठेवून सूर वेगळा चढवल्यास लांब धरलेल्या स्वरांत कंप उमटतो, आणि ‘एअर’ची सुरुवातच अशा लांब स्वराने होते. जुना पायपेटीचा ऑर्गन ४४०ला नसेल, तर ट्यूनर ॲपवर त्याचा सा तपासून उरलेला फरक त्याच पद्धतीने भरावा. १ टक्का वेग म्हणजे साधारण १७ सेंट (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट).

प्रवेश लांबला आणि मध्येच बाहेर पडावे लागले, तर पहिल्या भागाच्या शेवटी पडू नये. तेथे रचना ए मेजरवर, म्हणजे मूळ षड्जाच्या पंचमावर थांबते, आणि ऑर्गनने सा धरला तरी ऐकणाऱ्याला पंचमच सा वाटत राहतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी डीवर विसावा येतो. तो स्वर विरण्याआधी ऑर्गनने खालचा सा धरावा आणि दोन्ही आवाज एक झाल्यावरच ध्वनिमुद्रण हळूहळू उतरवावे.