सर्वांचं स्वागत आहे, सतरंज्या त्या कोपऱ्यात आहेत

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी खुणावतोय आणि अनुदानाच्या अर्जात एक नवाच रकाना दिसू लागलाय : 'उपक्रम सर्वसमावेशक आहे काय?' गांगरून जाऊ नका. 'होय'वर खूण करा आणि पुढचं वाचा. नाशिकमध्ये कला-संस्कृतीसाठी स्वयंसेवक योजना उभी करणं फार सोपं आहे. फक्त सर्वांना बोलवायचं कशासाठी, हे आधी पक्कं असलं पाहिजे.

पहिल्यांदा समिती नेमा. गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि महात्मानगर अशा तिन्ही टोकांना प्रतिनिधित्व मिळालं की शहर झालं. सातपूर, वडाळा, विहितगाव हे भाग नकाशात आहेतच, समितीत कशाला हवेत? दलित साहित्यातले कथाकार बाबूराव बागूल विहितगावचे आणि लोककवी वामनदादा कर्डक सिन्नरजवळच्या देशवंडीचे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दोघांच्याही प्रतिमा प्रवेशद्वाराशी लावा. तिथल्या आजच्या पोरापोरींना बोलावलं तर ती प्रश्न विचारतात. प्रतिमांचा तसा त्रास नसतो.

बैठकीची वेळ मंगळवारी दुपारी बाराची ठेवा. अंबडच्या कारखान्यात कामाला असणारा, चार घरची धुणीभांडी करणारी, दुकानात दिवसभर उभा राहणारा यांपैकी कुणीही आलं नाही की इतिवृत्तात लिहायचं, 'आवाहन करूनही तळागाळातून प्रतिसाद मिळाला नाही.' हे वाक्य जपून ठेवा, दर वर्षी कामाला येतं.

या बाबतीत आपण किती पुढे आलो आहोत पाहा. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा लोकांना अडवायला दरवाजे बंद करावे लागले होते. दादासाहेब गायकवाडांनी आणि सत्याग्रहींनी तो लढा काही वर्षं चालवला, तेवढी वर्षं दारावर पहारा ठेवावा लागला. केवढी ती यातायात! आता दार सताड उघडं, कमानीवर 'सुस्वागतम्', आणि तरी आत कोण येणार हे एका वेळापत्रकात भागतं. त्या सत्याग्रहावर एक परिसंवाद मात्र जरूर ठेवा. मंगळवारीच.

आता कामवाटप. समावेशकता इथेच दिसते, कारण इथे कुणालाही नाही म्हणायचं नसतं. सतरंज्या अंथरणं, खुर्च्या मोजून लावणं, पाहुण्यांच्या गाड्या पार्क करून देणं, चहाचे कप गोळा करणं, यासाठी जात, धर्म, भाषा, वस्ती काहीही आड येऊ देऊ नका. बायकांना रांगोळी आणि औक्षण द्या. त्यांच्यातली एखादी प्रकाशयोजना शिकलेली असेल, तर तिला समया लावायला सांगा. विषय तोच आहे. नाटक कोणतं घ्यायचं, वक्ता कोण, निधी कुठे खर्च करायचा, या कटकटी समितीने स्वतःच्या अंगावर घ्याव्यात. स्वयंसेवकांवर एवढं ओझं टाकणं बरं नाही.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आदिवासी पट्ट्यातली मंडळी तर हवीतच. त्यांच्याशिवाय फोटोला रंग येत नाही. तिकडे बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. देवादिकांचे मोठाले मुखवटे, संबळ आणि सनईवर रात्र रात्र चालणारी सोंगं, आणि मागे सगळं गाव राबत असतं. मुखवट्याची डागडुजी कोण करणार, सोंग कुणाचं, उजेड कोण धरणार, हे गावच ठरवतं. म्हणजे आपण ज्याचं प्रशिक्षण द्यायला निघालोय ते काम ही माणसं फॉर्म न भरता करत आलीत. म्हणूनच त्यांना लवकर गाठलं पाहिजे. मंत्रिमहोदय येईपर्यंत स्वागताला उन्हात उभं करा, आले की अडीच मिनिटं नाचवा, मग 'स्वयंसेवक व्यवस्थापनाची मूलतत्त्वे' या सत्रात शेवटच्या रांगेत बसवा. पेठ पन्नासेक किलोमीटरवर आहे, परतीची एसटी चुकेल वगैरे सांगतील. प्रवासखर्चाचं विचारलं तर थोडं दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणा, "अहो, ही सेवा आहे." पुण्याहून आलेल्या वक्त्याचं मानधन आणि टॅक्सी हा वेगळा विषय आहे, तो त्यांच्यासमोर काढू नका.

दिव्यांग स्वयंसेवकांचं काय? २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याचा उल्लेख निवेदनात करा. रॅम्पच्या भानगडीत पडू नका. नियमाने उतार एकास बारा हवा, म्हणजे तीन फुटी मंचासाठी छत्तीस फूट लांब रॅम्प. एवढ्या जागेत व्हीआयपी सोफ्यांची एक अख्खी रांग मावते! त्यापेक्षा चार दणकट पोरं तयार ठेवा. ती चाकाच्या खुर्चीसकट माणसाला उचलून मंचावर आणतील, टाळ्या पडतील, निवेदकाचा गळा दाटेल. स्वतःच्या हाताने चाकं फिरवत वर गेलेल्या माणसाला कोण टाळ्या देतं? त्यातून तो माणूस मंचावर सत्कारासाठी नाही तर सूत्रसंचालनासाठी आला असला तर समितीत भलताच पेच. खुणांच्या भाषेचा दुभाषा बोलावलात तर त्याला खांबाआड उभं करा, बॅनरवरचे लोगो झाकले जातात.

कॉलेजची पोरं आयती मिळतात. राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) त्यांना वर्षाचे १२० तास भरायचे असतात. वहीवर सही तुमची, त्यामुळे रात्री साडेअकराला खुर्च्या रचतानाही कुणी तोंड वर करत नाही. प्रमाणपत्र आर्ट पेपरवर छापा, नावाची जागा कोरी सोडा. नावं लिहीत बसायला वेळ कुणाला आहे?

एवढं करूनही काहींचं समाधान होत नाही. ते उठून आपला वेगळा मांडव घालतात. डिसेंबर २०२१मध्ये याच शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच वेळी भरली होती, आठवत असेल. पलीकडे गर्दी दिसली तर खचू नका. ती माणसं आपल्याकडे आलीच नसती, त्यामुळे आकडा कमी झाला असं म्हणता येत नाही.

खरी पंचाईत होते ती टिकून राहणाऱ्यांची. सातपूरच्या कामगार वस्तीतली एखादी मुलगी पहिल्या वर्षी सतरंज्या उचलते, दुसऱ्या वर्षी ध्वनिव्यवस्था सांभाळते, तिसऱ्या वर्षी कुठल्या नाट्यगृहात कुठला दिवा लागत नाही हे तुमच्या अध्यक्षांपेक्षा तिला जास्त माहीत असतं. आणि मग एक दिवस ती विचारते, "सर, पुढच्या वर्षीचे कार्यक्रम ठरवताना आम्हालाही बसवणार का?" नाही म्हणू नका, रकान्यात 'होय' लिहिलंय. तिला निमंत्रित सदस्य करा. निमंत्रित सदस्याला मत नसतं, पण लेटरहेडवर नाव येतं, आणि अहवालात 'युवा व महिला सहभाग' एकाच ओळीत उरकतो. तेवढं पत्र तिला समारंभपूर्वक द्या, फोटो काढा. फक्त बैठकीचं निमंत्रण तिला पाठवायचं कुणी, हे समितीत कधीच ठरवू नका.