स्मारकाचं थ्रीडी पाहून आले, डोकं फिरलंय

आज दुपारी तालुक्याच्या नियोजित युद्धस्मारकाचं सादरीकरण होतं. प्रत्येक शाळेतून एक शिक्षक पाठवा म्हणे, म्हणून मी गेले. प्रोजेक्टरवर सगळं गरगर फिरवून दाखवलं. काचेचा घुमट, स्टीलचे पंख, मधोमध फायबरचा रणगाडा आणि समोर लाल हृदय घातलेली तालुक्याच्या नावाची भलीमोठी अक्षरं. कशासाठी? तर "तरुण पिढीला कनेक्ट करण्यासाठी". हॉलमध्ये पंचविशीच्या आतला एकच जण होता, चहा आणणारा पोट्टा. त्याला कोणी विचारलं नाही.

काचेचा घुमट, राजेहो! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या घुमटाखाली श्रद्धांजली वाहायला कोण थांबणार आहे? पापड मात्र मस्त वाळतील. भिंतभर टचस्क्रीन लावणार आहेत. लाइन असेल तेव्हा चालतील, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर बंद पडल्या की दुरुस्तीला कोण येणार? आमच्या शाळेतला स्मार्ट बोर्ड दुरुस्तीला गेलाय तो गेलाच.

ते सादरीकरण चालू असताना मला सारखी आमच्या शेजारच्या आजीची आठवण येत होती. आजोबा १९७१ च्या लढाईत गेले. मागच्या विजय दिवसाला, १६ डिसेंबरला, आमच्या नववीच्या पोरांना घेऊन मी तिच्या घरी गेले होते. डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस. तेव्हाही तसेच होते. आजी तेव्हा विशीतली, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती. तार इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमास्तर स्वतःच सायकलनं धुऱ्यापर्यंत आले. आजीच्या कमरेला कापसानं भरलेली ओटी होती. "तशीच आली मी घरी, ओटीसकट," आजी म्हणाली. ओटी कुणी सोडली, तो कापूस कुठं गेला, तिला काही आठवत नाही. सगळे गप्प. एवढ्यात एका पोट्ट्यानं विचारलं, "मग त्या दिवसाची मजुरी भेटली का आजी?"

मी डोळे वटारले. आजी हसली. म्हणे, "हे अजून कोनी इचारलंच नव्हतं रे बाबू. नाही भेटली. काटाच नाही झाला त्या कापसाचा."

त्या पोराची माय आजही वेचायला जाते. किलोमागे काय भाव चाललाय हे त्याला तोंडपाठ. त्याला त्या दुपारी युद्ध कळलं ते तिथून. मग प्रश्न थांबेचनात. पेन्शन कधी सुरू झाली, पेटी कोणी आणून दिली, पत्रं वाचून कोण दाखवायचं. अंधार पडला तरी कोणी उठेना. याला कनेक्ट म्हणतात, साहेब. यात फायबरचा रणगाडा कुठं बसतो?

स्मारकं चांगली होत नाहीत असं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक २०१९ मध्ये झालं, शाळेची सहल घेऊन गेले होते. तिथल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव आहे. आमची पोरं आपापल्या आडनावाचा जवान शोधत फिरत होती. नाव शोधायला तिथं डिजिटल पडदे आहेत आणि ते उपयोगाचे आहेत, हेही मान्य. पण ती दिल्ली आहे, तिथं पडदा पुसायलाही माणूस आहे.

आणि वॉशिंग्टनची ती भिंत, व्हिएतनाम युद्धात गेलेल्यांची, १९८२ ची. तिचा आराखडा माया लिन नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा. स्पर्धेत १४०० च्या वर आराखडे आले होते आणि परीक्षकांना नावं दाखवलीच नव्हती, म्हणून पोरीचा नंबर लागला. घासून चकचकीत केलेला काळा दगड, त्यावर ५८ हजारांहून जास्त नावं, माणसं ज्या क्रमानं गेली त्या क्रमानं. वाचता वाचता त्या नावांत आपलंच तोंड दिसतं. लोक नावावर कागद धरतात, पेन्सिल घासतात आणि उमटलेलं नाव घरी नेतात. वीज लागत नाही. आपल्याकडे आर्किटेक्चरची पोरं नागपूर-अमरावतीला शिकतायत, त्यांना एकदा विचारून बघा की.

आता खरं सांगते काय टोचलं ते. "तरुणांना स्मारकाकडे कसं वळवायचं" यावर दीड तास चर्चा झाली. पहाटे पाचला जरा महामार्गावर या. आपले पोट्टे-पोट्ट्या हातात मोबाइलचा टॉर्च धरून भरतीची तयारी करत धावतात, आणि बाजूनं कापसाचे, संत्र्याचे ट्रक जातात. पोरं १६०० मीटर, पोलीस भरतीवाल्या पोरी ८००. त्यातले काही अग्निवीर होतील, ४ वर्षांनी त्यातला चारात फार तर एक कायम होईल. या पोरांना लढाईबद्दल आस्था कशी वाटेल याची चिंता ते करतायत, ज्यांच्या घरचं एकही पोर तिथं धावत नाही! स्मारकाच्या अर्ध्या जागेत पार्किंग दाखवलंय. तिथं मुरूम टाकून ४०० मीटरची धावपट्टी करा. पुलअप्सला बार लावा. बाजूला अभ्यासिका काढा, पुस्तकं आम्ही गोळा करू. पोरं रोज येतील, बोलवावं लागणार नाही.

कोणी म्हणेल, स्मारक म्हणजे काय व्यायामशाळा आहे का, गांभीर्य नको का. बरोबर आहे, थोडं बरोबर आहे. पण कुलूप लावलेलं गांभीर्य बघून झालंय आपलं. १९८० नंतर सरकारनं गावोगावी हुतात्मा स्मारकं बांधली. आमच्या भागातल्या एकाच्या आत आता मंडपवाल्याच्या खुर्च्या असतात. आणि इथून आष्टी जवळ आहे, १६ ऑगस्ट १९४२ ला, 'चले जाव'च्या लढ्यात, तिथं आणि तिकडे चिमूरला पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं गेली, हे मी काय सांगावं. २०२३ ला 'मेरी माटी मेरा देश'मध्ये ग्रामपंचायतीसमोर शिलाफलक बसला, त्याला टेकून ट्रॅक्टरचं चाक ठेवलेलं असतं.

बांधायचंच तर साधा सभामंडप बांधा. खोल छप्पर, विटांची जाळी, वारा खेळेल असा, भोवती कडुनिंब. नावं आपल्याच काळ्या दगडात खोल कोरा, रंगवू नका, आणि सहावीतल्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. नावाखाली हुद्दा लिहा, गाव लिहा आणि घरच्यांनी सांगितलेली एक ओळ लिहा. आजीच्या दगडावर लिहायचं, ओटीतल्या कापसाचा काटा झाला नाही. कोनशिलेवर मान्यवरांची नावं टाकायची तर टाका बाप्पा, पण अक्षर जवानाच्या नावापेक्षा मोठं नको. आजच्या चित्रात दुपटीनं मोठं होतं. मी पुढच्या बाकावर होते, नीट बघितलंय.

हरकती-सूचना लेखी द्या म्हणालेत. मी देणार आहे, त्यावर पहाटे धावणाऱ्या पोरांच्या सह्या घेणार आहे. ज्यांच्या घरी जवानाची पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, फोटो असतील त्यांनी मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा, अस्सल कोणाच्या हाती देऊ नका. आणि त्या हृदयवाल्या अक्षरांचं काम ज्याला मिळणार अशी कुजबूज आहे तो माझ्या फ्रेंडलिस्टमध्येच आहे. वाचलं असशील तर लाइक नको करू बावा, फोन कर.