मामांचा मेसेज, मावशीचा पाय

काही महिन्यांपूर्वी मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर जोडलेले हात, खाली 'जनहितार्थ'. मजकूर थोडक्यात असा: तळव्यात 72,000 नसा एकत्र येतात, म्हणून गुडघा, कंबर, मान सगळ्यांचं मूळ पायात. सपाट पाय हा दोष आहे, मुलांना पाच वर्षांच्या आत बुटात सोल (आत सरकवायची गादी) घालून द्या. दुकानातले तयार सोल कचरा, मशीनवर पाय स्कॅन करून बनवलेलेच घ्या. वाढलेलं टाचेचं हाड त्याने विरघळतं. आणि ज्यांचे पाय शुगरमुळे बधिर झालेत त्यांनी चुंबकाचे दाणेदार सोल घालावेत, 40 दिवसांत संवेदना परत येते.

ग्रुपवर येणाऱ्या अशा मेसेजना मी उत्तरं देत बसत नाही. पण ही शेवटची ओळ मावशीने मनावर घेतली. तिला 14 वर्षं मधुमेह आहे आणि पायाला मुंग्या येतात. तिने ते सोल मागवले, बुटात घातले आणि सकाळच्या फेरीला निघाली. चौथ्या दिवशी धुवायला टाकताना मोजा चवड्याच्या जागी लाल दिसला. दुखत होतं का विचारलं, तर म्हणाली, "छे गं, काहीच नाही. उलट बरं वाटत होतं." जखम भरायला सात आठवडे लागले.

म्हणून सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून.

बुटात खडा गेला की आपण काय करतो? लंगडतो, वजन दुसरीकडे टाकतो, थांबून बूट झटकतो. दुखतं म्हणून आपण हे करतो. ज्याचा तळवा बधिर आहे त्याला हे कळतच नाही, तो त्याच खड्यावर हजार पावलं टाकतो. एकाच जागी दाब, आधी लाली, मग फोड, मग जखम. त्यात साखर वाढलेली असेल तर जखम रेंगाळते आणि जंतुसंसर्ग झाला तर प्रकरण बोट कापण्यापर्यंत जातं. मामांच्या मेसेजने अशा पायाखाली मुद्दाम पन्नास खडे ठेवायला सांगितले! डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याला 'दिवे घालवून चाला, नजर सुधारेल' म्हणण्यापैकीच हा प्रकार.

बधिर पायाला सोल लागत नाही असं मी म्हणत नाहीये. लागतो, पण त्याचं काम नेमकं उलटं असतं: दाब एका जागी न साठवता सगळ्या तळव्यावर पसरवायचा. हे आपल्याकडे फार आधीपासून माहीत आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना दाखवून दिलं की बोटं रोगाने आपोआप 'गळून' जात नाहीत, न जाणवलेल्या जखमांनी जातात. त्याच विचारातून आलेली मऊ रबराची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल आज मधुमेहींनाही देतात. (बाजारात 'डॉक्टर चप्पल' म्हणून जे काही विकतात ते सगळं एमसीआर नसतं, विचारून घ्या.) आणि पाय बधिर आहे की नाही हे ठरवायला स्कॅन मशीन लागत नाही. डॉक्टर नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला टेकवतात, तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो. तो टेकलेला कळला नाही, तर तुमचा पाय धोक्यात आहे. मिनिटभराची तपासणी. मावशीची ती 14 वर्षांत पहिल्यांदा झाली, जखम झाल्यावर.

चुंबकाबद्दल एवढंच: 2003 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात टाच दुखणाऱ्या 101 जणांवरचा प्रयोग छापून आला. काहींच्या सोलमध्ये खरं चुंबक, काहींच्या खोटं, कोणाला कुठलं ते माहीत नाही. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. प्रयोग टाचदुखीचा होता, बधिरपणाचा नाही, हे मान्य. पण मग 40 दिवसांचा आकडा मेसेजवाल्याने कुठून आणला, ते त्याने सांगावं.

आता 'स्कॅन करून बनवलेलेच घ्या'. हे वाक्य ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्यानेच लिहिलेलं असणार. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ येते, त्या दुखण्यावर ऑस्ट्रेलियात एक चांगला प्रयोग झाला, 2006 साली 'आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला. 135 रुग्ण, तीन गट. एकाला नुसता पातळ फोम, दुसऱ्याला तयार मिळणारा टणक सोल, तिसऱ्याला मापाने बनवलेला. तीन महिन्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं चालणं-फिरणं पहिल्यापेक्षा थोडं सुधारलेलं होतं. पण तयार आणि मापाचा यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि वर्षभराने तिन्ही गट एका रांगेत. म्हणजे टाचदुखीला आधी साधा तयार सोल घेऊन बघा, जोडीला पोटरी आणि तळवा ताणायचे व्यायाम करा, बिछान्यातून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने मागे ओढून धरा. बहुतेकांचं वर्षभरात थांबतं.

आणि एक गोष्ट अशा मेसेजमध्ये कधीच नसते, कारण त्यातली माहिती बहुधा चपला दाराबाहेर न काढणाऱ्या देशातून उचललेली असते. सोल असतो बुटात. बूट असतो दाराबाहेरच्या रॅकवर. आणि माझ्या आईसारखी बाई सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अनवाणी, स्वयंपाकघरातल्या कडक फरशीवर. बाहेर जाते ती भाजीपुरती, तीही चपलेत, ज्यात सोल बसतच नाही. हजारो रुपयांचा सोल दिवसातून अर्धा तास काय करणार? त्यापेक्षा घरात घालायची वेगळी मऊ चप्पल घ्या. विटाळ वगैरे बघत बसू नका.

सपाट पायांचं. लहान मुलांचे पाय बहुतेक सपाटच दिसतात, तळव्याची कमान वाढत्या वयाबरोबर येते. सोल घातल्याने ती येत नाही: 1989 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात मुलांना तीन वर्षं खास बूट आणि सोल वापरायला लावले, न वापरणाऱ्यांपेक्षा वेगळं काही झालं नाही. आपल्याकडचं पाहायचं तर 1992 साली राव आणि जोसेफ यांनी भारतातल्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चप्पल घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8. म्हणजे उलट मुलांना मातीत पळू द्या. मुलाला चवड्यांवर उभं करा, कमान दिसली आणि पाय दुखत नसेल तर विषय संपला. 'पुढे भरतीत अडेल' ही भीती मात्र अगदीच खोटी नाही, सैन्यभरतीत सपाट पाय बघतात. पण पाय लवचीक असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर कमान येत असेल तर उमेदवार चालतो. पाय ताठ असेल, दुखत असेल, किंवा चाळिशीनंतर एकाच पायाची कमान बसत चालली असेल, तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे सोलचा खरंच उपयोग होऊ शकतो.

आणि टाचेचं वाढलेलं हाड सोलने विरघळत नाही. ते वाढलेलं हाड कित्येकांच्या एक्स-रेत दिसतं आणि त्यांची टाच दुखतही नसते. 72,000 हा आकडा योगग्रंथांतल्या नाड्यांचा आहे, आणि तोही अख्ख्या शरीरातल्या.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. मापाचे सोल म्हणजे निव्वळ लूट नाही. कमान फार उंच असून पाय दुखणारे, संधिवाताने पाय वाकडे झालेले, एकदा जखम होऊन गेलेले मधुमेही, यांना ते लागतात आणि फायदाही होतो. पण आधी पाय कोणीतरी हातात घेऊन बघावा लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने मावशीचा पाय पाहिलेला नव्हता.

मामा, तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. सगळ्यांसाठी पुसायची मुदत गेली असेल, पण त्याखाली 'शुगरवाल्यांनी हे सोल घालू नयेत' एवढी एक ओळ तुम्हीच लिहा. मी लिहिली तर 'हिला सगळ्यातच खोट दिसते' म्हणतील. मावशीच्या पायाचा फोटो माझ्याकडे आहे, पण तिने टाकू नको म्हटलंय. तुमचं नाव येईल म्हणून.