मोफत वकील नाकारण्याचा सल्ला देणाऱ्या संदेशाला उत्तर

सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरत आहे. मोफत मिळालेला वकील मनापासून लढत नाही, मोठ्या वकिली फर्म प्रो बोनो (म्हणजे विनाशुल्क) काम केवळ नावासाठी करतात, ही सोय फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळते आणि तिचा फायदा गुन्हेगारांनाच होतो. म्हणून कर्ज काढा, पण पैसे मोजूनच वकील करा, असा त्याचा आशय आहे. या शेवटच्या सल्ल्यापायी कोणी बाई अंगावरचे दागिने गहाण ठेवेल, या काळजीने हे लिहीत आहे.

आधी एक घोळ दूर करायला हवा. विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, नेमलेल्या वकिलाला अशिलाकडून पैसे घेता येत नाहीत, पण प्राधिकरण त्याला मानधन देते. प्रो बोनो काम करणारा वकील किंवा फर्म मात्र शुल्कच सोडून देते. संदेशात या दोन्हींना ‘फुकटचा वकील’ म्हटले आहे.

असा वकील लढत नाही, या आरोपाला पुण्यातल्याच एका खटल्याचे उत्तर आहे. १९९४ मध्ये शहरात पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली, आणि त्या प्रकरणात फाशी झालेल्या एका आरोपीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायम केली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट ३९-ए’ या गटाने त्याचे काम विनाशुल्क हाती घेतले, राजस्थानातील त्याच्या शाळेच्या नोंदींचा आधार घेऊन वयाचा मुद्दा मांडला, आणि २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने मान्य केले की घटनेच्या वेळी तो अवघा साडेबारा वर्षांचा होता. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. मृतांच्या कुटुंबाचे दुःख यामुळे तसूभरही कमी होत नाही. परंतु जे लहान मूल कायद्याने फासावर जाऊच शकत नव्हते, त्याचे वय सिद्ध करण्याचे काम एक पैसाही न घेणाऱ्यांनी तडीस नेले.

संदेशातील तक्रारीत तथ्य अजिबात नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. प्राधिकरणाच्या पॅनेलवरील, म्हणजे यादीवरील, वकिलांचे मानधन तुटपुंजे असते आणि काहींचे हलगर्जी काम मी स्वतः पाहिले आहे. फौजदारी खटल्यांसाठी २०२२ च्या योजनेत पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची तरतूद झाली आणि त्यांना खासगी वकिली करण्यास मनाई आहे, ती याच उणिवेवरचा उपाय म्हणून. वकील हयगय करत असेल, तर तो बदलून मागता येतो.

नावासाठी काम करण्याच्या आरोपाबद्दल थोडक्यात. गरजूला विनामूल्य मदत करणे हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असे वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४६ सांगतो. एखाद्या फर्मला त्यातून मान मिळाला, तरी अशिलाला मिळालेला जामीन खराच असतो. माझा आक्षेप वेगळा आहे: हे काम तालुक्याच्या न्यायालयापर्यंत फारसे पोहोचत नाही.

‘फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना’ हे विधान तर सरळ चुकीचे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तींचे बळी यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. उत्पन्नाची मर्यादा इतरांसाठी आहे.

राहिला गुन्हेगारांचा मुद्दा. कसाबच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याची फाशी कायम केली, आणि त्याच निकालात बजावले की आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. वकील मिळाला म्हणजे सुटका झाली, असे होत नाही. मात्र बचावाची संधी देऊन झालेली शिक्षा अपिलात टिकते. त्याआधी १९७८ मध्येच, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, कैद्याला अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, सरकारचा दानधर्म नव्हे, असे न्यायालयाने म्हटले होते.

तेव्हा कर्ज काढण्यापूर्वी तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा कार्यालयात जावे, अथवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. लिहिता येत नसेल, तर तेथील अधिकारी माहिती विचारून अर्ज भरून देतात आणि त्यावर अंगठा घेतात.