गव्याच्या पोटातले पांढरे दोरे

पावसाळा लागला की हा व्हिडिओ शिराळा, वाळवा, पाटण, कराडच्या ग्रुपांवर पुन्हा फिरायला लागतो. मेलेला गवा, फाडलेलं पोट, आतड्यांवर वळवळणारे पांढरे दोरे. खाली मजकूर असा: चांदोलीच्या जंगलातले गवे जंतांनी मरताहेत, हेच जंत उद्या तुमच्या गोठ्यात येणार, वनखात्यानं पाणवठ्यांत ताबडतोब जंताचं औषध टाकावं, आणि संशोधक मात्र मायक्रोस्कोपखाली जंतांची नावं शोधण्यात सरकारी पैसा घालवताहेत. मागच्या आठवड्यात मला तो चौघांनी पाठवला. त्यातले एक दूध संस्थेचे सचिव, म्हणजे त्यांच्या शब्दावर गावातले निम्मे गोठे चालतात. मी जनावरांचा डॉक्टर. जंतांशी माझा रोजचा संबंध, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

पहिला दावा: गवा या जंतांनी मेला.

व्हिडिओ थांबवून नीट बघा. दोरे आतड्याच्या आत नाहीत, आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत मोकळे पडलेत. बोटभर लांब, दुधासारखे पांढरे, टोकाला गुंडाळी घेतलेले. गाई-म्हशींचं शवविच्छेदन करणाऱ्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं असतं. सेटारिया नावाचे गोलकृमी असेच दिसतात. डासाच्या चाव्यातून ते जनावरात शिरतात आणि पोटाच्या पोकळीत वाढतात. त्यांची पिल्लं रक्तात फिरत राहतात, पुढचा डास ती उचलतो. धडधाकट म्हशीच्या पोटातही ते सापडतात आणि म्हैस आयुष्यभर दूध देत राहते. गवा गाई-म्हशींच्याच कुळातला आहे. जनावर मेल्यावरही हे जंत काही काळ जिवंत राहतात, म्हणून पोट उघडल्यावर ते हलताना दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, यांनीच मारलं. गवा कशानं मेला हे सांगायला फुप्फुस, यकृत, काळीज, चौथं पोट हे सगळं उघडून बघावं लागतं. व्हिडिओत त्यातलं काहीच नाही. गवा कुठला, कधीचा, तेही नाही.

सेटारिया निरुपद्रवीच असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. तोच जंत डासामार्फत शेळी, मेंढी किंवा घोड्यात गेला तर त्याची पिल्लं वाट चुकतात आणि मज्जारज्जूत शिरतात. जनावर मागच्या पायांनी लुळं पडतं. घोड्यांच्या या दुखण्याला कुमरी म्हणतात. म्हणजे एकाच्या पोटात निवांत राहणारा जंत दुसऱ्याला अपंग करतो. मग तो नेमका कोणता, कुणाच्या अंगातला, हे कळल्याशिवाय पुढचं बोलणंच होत नाही.

शेवटचा दावा म्हणूनच आधी घेतो: नावं शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

मला या मेसेजमधलं सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच. सेटारियाच्याच जाती वेगळ्या करायच्या तर मादीच्या शेपटीचं टोक बघावं लागतं. एका जातीत ते गुळगुळीत गुंडीसारखं असतं, दुसरीत त्यावर बारीक काटे असतात. हे दिसण्याआधी जंत गरम अल्कोहोलमध्ये सोडायचा, म्हणजे तो सरळ होतो, नाहीतर वेटोळं घालून कडक होऊन बसतो. मग लॅक्टोफिनॉलमध्ये ठेवून पारदर्शक करायचा. पर्णकृमीची रीत वेगळी: दोन काचांत दाबून चपटा करायचा, कार्मिननं रंगवायचा. फीतकृमीचं डोकं आतड्यात तुटून राहिलं तर पुष्कळदा वीतभर फीत हातात असूनही ओळख अडते.

शेणाच्या तपासणीतही तेच. मिठाच्या संपृक्त पाण्यात शेण कालवून थोडा वेळ ठेवलं की गोलकृमींची अंडी वर तरंगतात. पण यकृतातल्या पर्णकृमीची अंडी जड, ती तळाला बसतात. फक्त वरचा थेंब बघितला तर यकृत पोखरलेलं जनावर निर्दोष ठरतं. वर तरंगलेल्या अंड्यांतही बऱ्याच जातींची अंडी हुबेहूब सारखी. ती उबवून अळ्या काढाव्या लागतात, त्याला आठवडा जातो, किंवा डीएनए तपासावा लागतो. आणि बिबट्याच्या विष्ठेत सापडलेलं अंडं बिबट्याच्याच जंताचं असेल असं नाही. त्यानं खाल्लेल्या भेकराच्या पोटातल्या जंताचं अंडं जसंच्या तसं बाहेर पडलेलं असू शकतं.

१८७८ मध्ये केर्बर्ट या प्राणिशास्त्रज्ञांनी युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या वाघांच्या फुप्फुसातल्या एका पर्णकृमीचं वर्णन केलं. पुढे कळलं की पॅरागोनिमस नावाचा हाच कृमी कच्चे-अर्धकच्चे खेकडे खाणाऱ्या माणसांच्या फुप्फुसात राहतो, आणि त्याचा खोकला, थुंकीतलं रक्त क्षयासारखं दिसतं. वाघातला आणि माणसातला जंत एकच, हे नीट ओळख पटवल्यावरच कळलं. आपल्याकडे जी. डी. भालेराव या कृमितज्ज्ञांनी भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींची सूची १९३५ मध्ये ग्रंथरूपात मांडली.

आता गोठ्याचा दावा: जंगलातले जंत गावात येणार.

काही जंत गवा आणि गाय दोघांतही राहतात, हे खरं. पण वाट दोन्हीकडून असते. जंगलाच्या कडेला चरायला सोडलेली आपली गुरं त्याच गवतावर शेण टाकतात. कुत्र्यांचं तर फारच सरळ आहे. बकरं कापल्यावर आतड्याच्या पडद्याला पाण्यानं भरलेली पिशवी लोंबताना दिसते, लिंबाएवढी किंवा मोठी, आत एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे फीतकृमीचं डोकं. ती पिशवी कुत्र्यापुढे टाकली की त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर जातात आणि सांबर-चितळांच्या पोटात पुन्हा पिशव्या धरतात. हे थांबवणं आपल्या हातात आहे: पिशव्या जाळा किंवा खोल पुरा, कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे फीतकृमीवरचं औषध द्या.

पाणवठ्यात औषध टाकण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे: असं कुणीही करू नये. जंताचं औषध वजनावर ठरतं. गव्याचा नर आठशे किलोच्या पुढे जातो, पिसोरी हे इवलंसं हरीण जेमतेम तीन किलोचं. एकाच पाण्यातून कुणाला किती जाईल? कमी मात्रेत औषध मिळालं की त्याला दाद न देणारे जंत तेवढे उरतात. मेंढ्यांच्या चौथ्या पोटात रक्त पिणाऱ्या हिमॉन्कसबाबत हे जगभर घडलं आहे. त्याचा एक जंत दिवसाला ०.०५ मिलीलिटर रक्त घालवतो, पाच हजार असले तर पाव लिटर. तो औषधाला दाद देईनासा झाला तर माण-आटपाडीच्या मेंढपाळाचं काय होईल, याचा विचार करा. शिवाय सगळ्या जंतांवर चालणारं एक औषध नाही. आयव्हरमेक्टिन पर्णकृमी आणि फीतकृमींना मारत नाही, पण पाण्यातल्या बारीक जिवांना आणि शेणकिड्यांना मारतं. अभयारण्यात वन्यजीवांना अपाय करणारं रसायन वापरायला कायद्यानं बंदी आहे, ते वेगळंच.

मेसेजमागची काळजी एका ठिकाणी रास्त आहे. सागरेश्वरसारख्या कुंपण घातलेल्या, जेमतेम ११ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात हरणं वाढली की तीच जमीन पुन्हा पुन्हा चरली जाते, आणि अशा जागी जंतांचा भार वाढण्याची भीती असतेच. तिथे लेंड्या गोळा करून ऋतूप्रमाणे अंडी मोजत राहणं हेच पहिलं काम, तेही वनखात्याच्या परवानगीनं.

मेलेला गवा दिसला तर हात लावू नका, पोट फाडू नका, वनरक्षकाला कळवा. तुमच्या स्वतःच्या जनावराच्या शवविच्छेदनात जंत निघाले तर डॉक्टरांना सांगून दोन-चार बाटलीत ठेवायला लावा. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, शिसपेन्सिलीनं लिहिलेली, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर एवढंच: कोणतं जनावर, कोणत्या अवयवातून, गाव, तारीख.